गालावरचा काळा ठिपका

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत बसून मुंबईच्या एका प्रकाशकासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचो. घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको, आणि घर त्याच कामावर चालत होतं. चित्रं पोस्टाने पाठवायची माझी छाती होत नसे. दुमडतात, आपटतात, वर धाडकन शिक्का मारतात. त्यापेक्षा आपली रीत बरी: मुंबईला जाणारं माणूस गाठायचं आणि त्याच्या हाती द्यायचं. माझं माणूस म्हणजे शेजारचे तांडेलकाका. त्यांनी समुद्रावर जाणं सोडलं होतं, पण पुतण्याच्या लाँचच्या इंजिनात हात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अधूनमधून ते मुलाकडे मुंबईला जात.

एकदा प्रकाशकाने चित्रांचा सगळा गठ्ठा परत धाडला. सोबत निरोप: प्रत्येक मुलाच्या गालावर डाग आहे, मागच्या पुस्तकात तो तसाच छापला गेला, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ.

भिंग लावून पाहिलं. खरंच की! कोळ्याची पोर, राजकन्या, पेरूच्या झाडावर चढलेली द्वाड मुलगी, सगळ्यांच्या गालावर काळा ठिपका. मोठ्या माणसांना नाही, कुत्र्यामांजरांना नाही. बोटाने चोळला तर तेलकट पसरला. माझी शाई जन्मात पसरायची नाही. तेलकट काळं म्हणजे इंजिनाचं वंगण! आणि वंगणाचे हात कोणाचे? शिवाय काकांचा मुलगा मुंबईत पोस्टरं रंगवायचा. त्याला माझं काम हवं असणार, दुसरं काय!

"काकांनी पाकीट उघडलंसुद्धा नसेल हो," बायको म्हणाली. "कसला मेला संशयी स्वभाव तुमचा!"

"तू गप्प बस. तुला माणसं कळत नाहीत." काम जायची वेळ आलीय हे मात्र तिला सांगितलं नाही. तिच्या जिवाला आधीच घोर कमी नव्हता.

सगळी चित्रं पुन्हा काढली. काका निघायच्या दिवशी ती टेबलावर वाळत ठेवली आणि पाकिटाला लाखेचं सील ठोकावं म्हणून लाख आणायला बाजाराकडे निघालो. वळणावरून मागे पाहतो तर काका आमच्या अंगणात शिरताहेत! शिंचा म्हातारा, मी बाहेर पडायचीच वाट बघत होता! मी उलटपावली धावलो.

काका पडवीत बसून चहा पीत होते. "काय रे, वाघ मागे लागला काय?" म्हणाले. हात स्वच्छ धुतलेले. मी तडक आत गेलो.

टेबलापाशी बायको उभी होती. डाव्या हातात काजळाची डबी, आणि उजव्या हाताची करंगळी शेवटच्या मुलीच्या गालावर.

"अगं, हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "तीट लावतेय," म्हणाली. "एवढी पोरं घराबाहेर जाणार, शंभर जण बघणार. नजर नको लागायला?"

"अगं, कागदावरची पोरं ती!"

"कागदावरची? कोळ्याची काढा नाहीतर राजाची काढा, हनुवटी तिचीच असते. तुम्हाला दिसत नाही?"

आमची मुलगी चार वर्षांची होऊन तापाने गेली होती. तिच्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोलत नसू. मी एकेक चित्र हातात घेतलं. हनुवटी तिचीच होती. भुवयासुद्धा. देवाशपथ सांगतो, मला तोवर कळलं नव्हतं.

"त्या दिवशी जत्रेला नेताना तीट लावायची राहून गेली," बायको म्हणाली. "रात्री ताप भरला." मग हळूच म्हणाली, "पुसा हवं तर."

पांढऱ्या रंगाची बाटली समोरच होती. ब्रश बुडवून एकेका गालावर टेकवायचा, की काम वाचलं. ब्रश उचललाही. पण हात त्या गालापर्यंत जाईना. बाहेरून काका हाका मारत होते, गाडीची वेळ झाली होती. चित्रं होती तशी पाकिटात घातली आणि त्यांच्या हाती दिली.

त्यानंतर मुंबईहून काम आलं नाही. बायकोने बरेच दिवस वाट पाहिली, आणि मग एकदा पानं वाढताना विचारलं.

"ती पुस्तकंच बंद केली त्यांनी," मी म्हटलं.

"खरं?"

"खरंच गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या पानात भात वाढला आणि तिथेच, माझ्या शेजारी बसून रडली.