बेचिराख गावातली चालू गिरणी

शेडचं दार उघडं होतं. आत धान भरडायची गिरणी चकाकत होती. बाहेर मात्र एकही घर नव्हतं. नुसती जोती आणि त्यांवर वाढलेलं गवत.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी सांख्यिकी सहायक होते. साहेबांना दोन गावगटांची तुलना हवी होती, एक जुन्या जिल्ह्यातला राजुऱ्याकडचा, एक नव्या जिल्ह्यातला धानोऱ्याकडचा. कुठे किती स्थिर भांडवल आहे? स्थिर भांडवल म्हणजे टिकणारी गुंतवणूक : इमारती, यंत्रं, विहिरी. तिला लोकसंख्येने भागलं की दरडोई आकडा येतो. ज्याचा आकडा कमी, त्याला विजेची लाईन आधी.

धानोऱ्याकडचा आकडा एकदम वर गेला होता. साहेब म्हणाले, "नवीन काहीतरी उभं राहिलंय. जाऊन बघा."

म्हणून भर दुपारी मी त्या शेडमध्ये उभी होते. जमीन झाडलेली. बेअरिंगला बोट लावलं, तेल ताजं. पण कोंड्याचा वास नव्हता. बिनवासाची गिरणी मी कधी पाहिली नव्हती.

"बाई, चला इथून," ड्रायव्हर वासुदेवभाऊ म्हणाले. "पाखरूबी बोलून नाई राह्यलं."

तेवढ्यात चाक फिरलं. सावकाश, अर्धा फेरा. शेडपर्यंत विजेची तार आलेलीच नव्हती. मग यंत्रामागून एक म्हातारा उठला. हात पट्ट्यावर.

"भिऊ नका बाई. मी दलसू. इथला ऑपरेटर."

"भाऊ, गाव कुठं गेलं?"

"ताप आला. दोन पावसाळे. अर्धं गाव इथीच हाय." त्यांनी शेडमागे बोट दाखवलं. गवतात मेलेल्यांच्या नावाचे उभे दगड होते, ओळीने. "बाकीचे आमी नदीपल्याड गेलो. मी तिथूनच येतो."

"मंग चाक काऊन फिरवता?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"बसवणारे साहेब बोलले होते, लाईन येतपर्यंत रोज फिरवत जा, नाईतं जाम होईन. खांब आलेच नाई."

धान ओतायच्या तोंडात मूठभर नवं धान होतं. मी विचारलं, "हे कोणाचं?"

"जे इथी राह्यले त्याइचं. नवं धान निघालं का पयली मूठ त्याइची. लाईन आली का भरडून देईन."

ते अगदी साध्या आवाजात बोलले. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

ऑफिसात साहेबांना सांगितलं, "नवीन काही नाही. माणसं मेली, गेली. ज्या लोकसंख्येने भागायचं तीच कमी झाली, म्हणून दरडोई वाढलं."

"गिरणी चालू की बंद?"

"चाक फिरतं. वीज नाही. गाव बेचिराख." महसुली दप्तरात वस्ती उरली नाही अशा गावाला बेचिराख म्हणतात.

"तक्त्यात शेऱ्याला जागा नाही. चालू लिहा, सही करा."

मी सही केली नाही. ताप आणि न आलेले खांब, दोन्हींवर वेगळी टिपणी लिहून जोडली. मला मेमो मिळाला. तक्ता दुसऱ्याच्या सहीने वर गेला आणि लाईन राजुऱ्याकडे गेली. टिपणीमुळे एवढंच झालं की नदीपल्याडच्या वस्तीत डॉक्टरांचं पथक पोचलं.

त्यानंतर नोकरीभर एक सवय राहिली. दरडोई आकडा वाढलेला दिसला, की अभिनंदनाआधी मी विचारते, माणसं होती तेवढी आहेत ना?