ताईंची तारखांची लायब्ररी

"माझी एक लायब्ररी कुणी सांभाळतच नाही गं," ताई लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाल्या.

"मग पुस्तकं परत करून ये आणि नाव काढून टाक," पेपरामागून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहाचा कप उचलून मुकाट्याने गॅलरीत गेला.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. कंपनीतली नोकरी सुटल्यापासून आमच्याकडे असतात. टेबलाच्या एका टोकाला माझं शिलाई मशीन, दुसऱ्या टोकाला त्यांचा लॅपटॉप. मी लोकांच्या पँटी आखूड करते, सैल करते. ताई कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपी सेंटरचं छोटंसं वेब ॲप सांभाळतात. कुठल्या पेशंटने कधी यायचं ते त्यात दिसतं, बस्स. ताईंची कमाई तेवढीच. आमच्या मामेसासूबाई आल्या की न चुकता विचारतात, "काय, अजून भावाच्याच जिवावर का?" ताई हसून सोडून देतात. मला मात्र मामेसासूबाईंच्या चहात साखरेऐवजी मीठ घालावंसं वाटतं.

तर ती लायब्ररी. पहिल्यांदा ताईंनी समजावलं ते सगळं डोक्यावरून गेलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, ॲप माझं, पण सगळं मी कुठे लिहिलंय? पेशंटला निरोप पाठवणारा भाग एकाचा, पासवर्ड सांभाळणारा दुसऱ्याचा. लोक असे तयार भाग लिहून फुकट ठेवतात, आपण घ्यायचे. त्यांना लायब्ररी म्हणतात. माझं ॲप त्यांच्यावर अवलंबून."

"म्हणजे मी बाजारातून चेन आणि बटणं आणते तसं?"

"अगदी तसं. फक्त तुझ्या चेनला आत आणखी एक चेन लागते, आणि ती कुणी केलीय ते तुला माहीत नसतं."

इथे माझा पुन्हा गोंधळ उडाला.

घोडं अडलं होतं ते असं. ॲप ज्या सर्व्हरवर चालायचं, तिथली जुनी व्यवस्था बंद होणार होती. सगळ्या लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या घेणं भाग होतं. ताईंनी एकेक घ्यायला सुरुवात केली. एकीची नवी घेतली की दुसरी रुसायची, दुसरीची समजूत काढावी तर तिसरी पाठ फिरवायची. लग्नघरात मानपान सांभाळावेत तशा ताई दिवसभर सांभाळत बसायच्या. शेवटी सगळ्या वळणावर आल्या, एक सोडून. ती तारखा काढणारी. 'एक दिवसाआड या, सुट्ट्या वगळून' म्हटलं की पुढच्या सगळ्या तारखा बरोबर काढून देणारी. तिची नवी आवृत्तीच नव्हती.

ती लिहिणारा गृहस्थ कुठल्या देशातला, ताईंना ठाऊक नाही. पण ताईंनी कधी चूक कळवली, की त्याचं लगेच उत्तर यायचं, "धन्यवाद, दुरुस्त केलं." बरेच दिवस ते बंद होतं. ताईंनी पुन्हा लिहिलं. शेवटी नुसतंच विचारलं, "तुम्ही आहात का?"

काही नाही.

"कंटाळला असेल," नवरा म्हणाला.

"का गेलाच असेल?" मी.

"कळणार कसं?" ताई म्हणाल्या. "तिथे शेवटच्या दुरुस्तीची तारीख दिसते. माणूस दिसत नाही."

इकडे सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर एक कंपनी तयार ॲप देतेय. माझा जीव टांगणीला, आणि ताई त्या माणसाची जुनी उत्तरं वाचत बसलेल्या. काम जायची वेळ आली तरी बाई जागच्या हलेनात. मी भडकलेच. "अहो, त्याचा शोक करताय की काम करताय?"

"त्याचंच लिखाण घेऊन दुरुस्त करता येईल गं. पण न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं."

"त्याची परवानगी आहे का?"

"आहे. वरच लिहून ठेवलंय त्याने. कुणीही घ्या, बदला, फक्त माझं नाव काढू नका."

"मग दार उघडं ठेवूनच गेलाय की तो!"

हे मी रागाच्या भरात बोलले, पण ताई लॅपटॉप ओढून बसल्या. दुरुस्ती झाली. पहिल्या फेरीत सगळ्या पेशंटना रविवारचं बोलावणं गेलं असतं. दुसऱ्या फेरीत मी कॅलेंडर घेऊन बसले आणि एकेक तारीख ताडून पाहिली. ताईंनी ती लायब्ररी नव्या नावाने सगळ्यांसाठी ठेवली. वर त्या माणसाचं नाव होतं तसंच. सोमवारी ॲप चाललं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अरे वा, सुरूच आहे की." काही घडलंच नसल्यासारखं!

पुढे एका सकाळी ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन, चेहरा भांबावलेला.

"अगं, माझ्यावर लोक अवलंबून आहेत."

"कोण?"

"माहीत नाही. एक रक्तपेढी आहे. एक गाण्याचा क्लास. एक लाँड्री. जुनी चालेना म्हणून माझी घेतलीय त्यांनी. आणि हे बघ, एकाने काय विचारलंय."

त्याने लिहिलं होतं, "तुम्ही आहात ना?"

मला एकदम भरून आलं. आत्ताच्या आत्ता मामेसासूबाईंना फोन लावावा आणि सांगावं, ऐका, कोण कुणाच्या जिवावर आहे ते! पण ताईंना आनंद झालेला दिसेना. त्या घाबरल्या होत्या.

"आणि मी उद्या नसले तर? ही माणसं माझ्या शेवटच्या तारखेकडे बघत बसतील."

ताई टेबलाशी गेल्या, उत्तर टाइप केलं, "आहे." मग बराच वेळ आणखी काहीतरी करत राहिल्या. मी मशीनवर येऊन बसले आणि सहज तिकडे पाहिलं. लायब्ररी सांभाळणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. माझं.

"अहो ताई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"कळायला नकोच. कुणी विचारलं तर मी आहे की नाही, एवढंच सांगायचं. ते घरच्यांनाच माहीत असतं."

मी "बरं" म्हटलं, आणि हातातली पँट उलटी शिवून ठेवली.