चारही थंड

काकांचा विश्वास फक्त हातावर होता. भिंतीतली ओल, दुधाचं पातेलं, कुणाच्या अंगातला ताप, सगळं ते तळहात टेकवून ठरवत. मी वाघोलीत खोली घेतली तेव्हा माझी लोखंडी पेटी आणि गादी त्यांच्याच पिकअपमधून आली. पेटी उतरवून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "शिकेल माणसाचा हात हाये." घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून तालुक्याहून ताठ मानेनं आलेलो मी. हे कौतुक की टोमणा, ते मला कळलं नाही.

काका वर्ध्याकडचे. शेजारची खोली त्यांची आणि काकूंची. सकाळी जयभीम घातल्याशिवाय ते मला कामावर जाऊ देत नसत. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा काकूंनी मऊ भात करून घातला आणि काका रोज कपाळाला हात लावून गेले. या शहरात मी टिकलो तो त्या दोघांमुळे.

लोकांचं घरसामान हलवणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक बाई "काचेचं आहे हो, जपून" असं बजावायला लागली की ते म्हणत, "ताई, तुमच्याहून मलेच जास्त भेव हाये." पण खरोखरच त्यांच्या हातून कधी काही फुटल्याचं मी ऐकलं नाही.

गाडीला ते गॅरेज दाखवत नसत. सीट उचलली की खाली इंजिन. गाडी धक्के खाऊ लागली की चारपैकी एका सिलिंडरची ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल गेली, हे ते ओळखत. कोणती गेली, हे शोधायची त्यांची रीत वेगळी होती. थंड इंजिन क्षणभर चालू करायचं आणि धूर बाहेर नेणाऱ्या चार पाइपांना बोट लावत जायचं. तीन तापलेले असत, एक थंड. "हा झोपला," म्हणायचे आणि त्याची कॉइल बदलायचे.

साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांची जाणीव मात्र हळूहळू गेली होती. चालताना चप्पल मागे राही आणि हे तसेच पुढे. काकू मागून ओरडत, "अहो, चप्पल रस्त्यात राह्यली." पायाला ब्रेक कळत नसेल तर गाडी कशी चालवता, यावरून दोघांचं रोज वाजे. डॉक्टरांनीही गाडी बंद करायला सांगितलं होतं. काकांचं उत्तर ठरलेलं, "पायाचं काय घेऊन बसली? हात हायेत ना."

एका रविवारी गाडी पुन्हा धक्के खाऊ लागली. नवी कॉइल आणून काकांनी दारातच सीट उचलली. त्यांनी सांगितल्यावर मी बाहेरूनच चावी फिरवली. इंजिन अडखळत का होईना, पण चाललं होतं. ते सवयीनं पाइपांवरून बोट फिरवत गेले. मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. या वेळी प्रत्येक पाइपावर बोट जरा जास्तच वेळ ठेवलं.

"चारही थंड," ते म्हणाले.

चारही थंड असते तर इंजिन चाललंच नसतं. हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार, कारण शेवटच्या पाइपावर त्यांनी अख्खा तळहात टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिले. कातडी जळाल्याचा वास आला. मी चावी बंद केली. काकूंनी धावत येऊन तो हात पाण्याच्या बादलीत धरला. काका दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे त्याच्याकडे बघत होते. कण्हले नाहीत. काकू रडायला लागल्या त्या त्यामुळेच.

काम अर्धवट सोडणं त्यांना जमेना. चालू इंजिनवर एकेका कॉइलची वायर त्यांनी माझ्याकडून काढवली. जिची काढून इंजिनला काहीच फरक पडला नाही, ती कॉइल त्यांनी बदलून घेतली. गाडी एका सुरात चालू लागली. त्यांनी ती थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मग चावी काढून काकूंना दिली.

"ठेव. मी मांगतली तरी देऊ नको."

आणि मागत राहिले. रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचं मागणं ऐकू येई. काकूंचा फक्त भाकरी थापल्याचा आवाज चालू राही. मग काका पायरीवर येऊन उभ्या गाडीकडे तोंड करून बसत. पुढे पायाला जखम झाली, कळली तेव्हा उशीर झाला होता, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तरी मागणं चालूच होतं, खाटेवरून.

ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात, मी ऑफिसला निघालो असताना काकू माझ्या दारात आल्या. चावी मुठीत होती.

"आज मांगतली नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "मांगतली असती, तर आज देली असती मी."