मोठ्या आईची ओली चादर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना महालक्ष्म्यांच्या सणाला मी रिठदला घरी आले होते. पदवीसाठी बाहेर पडलेली आमच्या घरातली मी पहिलीच. पुरणाच्या परातीला हात लावला, तशी मोठी आई, म्हणजे वडिलांची थोरली वहिनी, हळूच म्हणाली, "तू राहू दे व पोरी. तिकडं कोणाकोणाची घाण काढतं तू त्या हातानं. हे देवीचं हाय."

ती रागावली नव्हती. तिने मला केळीची पानं पुसायला दिली. वडिलांनी ओसरीवरून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवताना ते एवढंच म्हणाले, "शिकणं सोडू नको." त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली.

आता आमच्याकडे कोणाची मुलगी बारावी झाली की आधी मला फोन येतो. मागच्या वर्षी एका लग्नात मोठ्या आईने मला सतरंजीवरून उठवून खुर्चीवर बसवलं. "सरकारी नोकरीत हाय ते," ती बायकांना सांगत होती, "डॉक्टरबी तिले इचारून करते." हे खरं नव्हतं. पण मला बरं वाटलं, आणि मी खुर्चीवर बसून राहिले.

यंदा ती अंगणात घसरली, खुबा मोडला आणि माझ्याच वॉर्डात आली. साखर वाढलेली, म्हणून ऑपरेशनला चार दिवस थांबायचं होतं. लघवीची नळी तिने लावू दिली नाही. शेजारच्या पलंगावर धनज गावची एक म्हातारी होती. तिला लघवी लागली, तशी ती मला म्हणाली, "शिस्टर, भांडं द्या जरा."

मोठी आई तिच्यावर उखडली. "माही पुतणी हाय ते. भांडे उचलाले ठेवली काय तिले? त्या सफाईच्या मावशीले आवाज दे."

"मंग कायची शिस्टर व ते?" म्हातारी म्हणाली. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले आणि तिला भांडं दिलं.

मोठ्या आईची सून डबा देऊन परत जायची. मोठ्या आईला मी रोज विचारायचे, "भांडं देऊ का?"

"सुनेनं देल्लं मघाशीच. तू जाय तुह्या कामाले."

पडून पडून जखम होऊ नये म्हणून इतर पेशंटच्या पाठी मी स्वतः बघते. तिची बघितली नाही. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं. लग्नातल्या त्या खुर्चीवरून मलाही उतरायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या तयारीसाठी तिला कुशीवर वळवलं. चादर ओली होती. आधीचा ओलावा तिने घडी केलेल्या लुगड्याने झाकला होता. कंबरेखाली कातडी गेलेली, तळहाताएवढी जखम. डॉक्टर म्हणाले, ही भरत नाही तोवर ऑपरेशन नाही. पुन्हा चालेल की नाही, हेही त्यांनी सांगितलं नाही.

"काहून सांगितलं नाही मले?" मी विचारलं. घरची बोली आपोआप तोंडात आली.

"तुले कसं सांगू? तू मोठी झाली आता."

जखम धुतली. चादर बदलली. मग मी भांडं आणून तिच्याखाली सरकवलं. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. धनजच्या म्हातारीने मान भिंतीकडे फिरवली.

"घरी नको सांगू," पदराआडून मोठी आई म्हणाली, "तू हे केलं म्हून."

मी हो म्हटलं नाही. दोन तासांनी पुन्हा भांडं घेऊन येते, एवढंच सांगितलं.