एका खिळ्यावरचा मायकल

टेंपो सुरू झाला तरी आय ओट्यावरून उठली नाही. साल ब्याऐंशी. एक कपाट, शिलाई मशीन, दोन गाद्या आणि त्या गाद्यांवर मी, असा आमचा संसार वसईहून वाशीला निघाला होता. ग्रेसीला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना होता, म्हणून ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. बाबा गेल्यावर आय एकटी पडलेली. तिनं आमच्याबरोबर यावं म्हणून मी महिनाभर डोकेफोड केली होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "तिथं मायकल हाय का?"

"नसला तर मी करीन," मी गाद्यांवरून ओरडलो. एवढं बोलायची काहीच गरज नव्हती.

गावात राहिलेल्यांना आणि कॅनडाला गेलेल्यांना आमच्या चर्चमधला महादूत मायकल सांगायला नको. अंगात चिलखत, उगारलेली तलवार, पायाखाली चेचलेला सैतान आणि डाव्या हातात आत्मे तोलायचा तराजू. आयनं जन्मभर भाजी विकली, त्यामुळे तिचा विश्वास मुख्यतः तराजूवर. बाजाराला निघताना ती चर्चच्या दारात आपली रिकामी पारडी वर धरून त्याला दाखवायची. "त्यानं पायलं का दिवसभर काटा सरळ ऱ्हातो," म्हणायची. बाजाराला येणाऱ्या बायका हसायच्या, पण त्याच भाजी तिच्याकडूनच घ्यायच्या.

वाशीत तेव्हा बिल्डिंगी होत्या, सोसायट्या होत्या, आणि वारा फिरला की जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांचा वास होता. चर्च नव्हतं. एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आम्हा कॅथलिकांची मिस्सा व्हायची, मग नगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळींची उपासना, मग केरळच्या ऑर्थोडॉक्स लोकांची. भिंतीवर हेडमास्तरांनी एकच खिळा मंजूर केला होता. त्यामुळे चित्र एकच, आणि ते तिघांनाही चालणारं हवं. तिन्ही मंडळींची मिळून कमिटी झाली, तिला मी म्हणालो, मायकल मी काढतो, गावच्या नाटकांचे पडदे मी रंगवलेत. त्या पडद्यांत जंगल कुठलं आणि राजवाडा कुठला ते सांगावं लागायचं, पण हे मी कमिटीला बोललो नाही.

पहिलं चित्र आयच्या मायकलसारखं काढलं. कुरियनसाहेब पावण्याला आमच्याच कारखान्यात फोरमन होते आणि ऑर्थोडॉक्सांचे कमिटीतले माणूस. ते बघून म्हणाले, "अरे आंतोन, देवदूत लगाना है कि सैतान? नीचेवालाच जास्ती दिसतो." त्यांच्या घरी जेरुसलेमहून आलेलं एक चित्र होतं. त्यातला मायकल शांत, लांब झग्यात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पृथ्वीसारखा गोल, पायाखाली कोणी नाही. राजाच्या दरबारातला माणूस. कोणाशी भांडायची त्याला गरजच नाही.

मी सैतान खोडला. मग नगरचे साळवे सर आले. त्यांना मुळात चित्रच नको होतं, नुसतं वचन लिहा म्हणाले. तरी समजूतदार माणूस. "आंतोनराव, चित्र राहू द्या, पण तलवार काढा. मोशेच्या शरीरावरून सैतानाशी वाद झाला, तेव्हाही मीखाएलानं, म्हणजे तुमच्या मायकलनं, त्याला शिव्याशाप दिले नाहीत, प्रभूवर सोडलं. आणि तराजू कशाला? न्याय करणारा एकच."

प्रत्येकाचं म्हणणं घरी येऊन ग्रेसीला सांगताना मला पटायचं, हाच माझा प्रॉब्लेम. मी तलवार काढली, तराजू काढला. चिलखत कुरियनसाहेबांना जड वाटलं, झगा आमच्याच लोकांना बायकी वाटला. सहा महिने मी रंग खरवडत होतो. तोवर लीना जन्मली, तिचा बाप्तिस्माही झाला. शेवटी भिंतीवर जो उभा राहिला तो खाकीकडे झुकलेल्या कोटातला, हात मोकळे असलेला, पंखवाला सज्जन माणूस होता. कमिटीनं एकमतानं पास केला. कोणाचीच हरकत नव्हती, कारण त्यात कोणाचंच काही उरलं नव्हतं.

सप्टेंबरात, मायकलच्या सणाला, आय आली. चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्यो कोन? वॉचमन?"

"आय, मायकल."

"सैतान कुठं गेला?"

"काढला. लोकांना नको होता."

"पायाखालचा काढलास? म्हंजे सुटला," आय म्हणाली. "आता तुमच्या वाशीतच फिरत असंल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परत गेली. मी स्टॅंडवर तिची पिशवी धरून उभा, चिडलेलो. कमिटीवर, आयवर, आणि बरोबर असलेल्या सगळ्या माणसांवर.

पुढे तिन्ही मंडळींना चर्चसाठी वेगवेगळे प्लॉट मिळाले. चित्र कोणीच मागितलं नाही. ते आमच्या घरी जेवायच्या टेबलामागच्या भिंतीवर आलं. लीना त्याला रोज गुड नाईट म्हणायची.

ती पाच वर्षांची झाल्यावर सणाला तिला वसईला नेलं. चर्चमधला मायकल बघून ती भोकाड पसरून रडली. "हा मारतो. आपला मायकल असा नाही. आपल्या घरी चल."

आयनं ते ऐकलं. लीनाचे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाली, "खरंय बाय. तुजा तिकडं हाय." मला जेवायला दोनदा वाढलं.

इतकी वर्षं मी तिला वाशीला आणायची खटपट करत होतो, आणि मी कायमचा परत येईन म्हणून ती गुपचूप वाट बघत होती, हे मला पुढच्या खेपेला कळलं. माझी खोली तिनं तोवर रिकामी ठेवली होती, चादर बदलून. त्या खेपेला दार उघडलं तर खाटेवर सुकेळी, आमच्याकडची सोलून सुकवायची केळी, वाळत पसरलेली. आय म्हणाली, "तू पुढच्या खोलीत झोप, पावन्यांची गादी हाय तिथं."