लाल दोरा, पांढरा दोरा

बालिक्ची गावात तळ्यावरून वारा सुटला की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, शेजाऱ्याकडे राहायला जातात. जुमाकादिर म्हाताऱ्याच्या न्हाणीघरातली दोरी तेवढी वाऱ्याला ठाऊक नव्हती. तिच्यावर कपडे नाही, फोटोच्या फिल्मा वाळायच्या.

तरुणपणी तो तळ्यावरच्या बंदरात क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जेनिट कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर हिंडायचा. फिल्म घरीच धुवायची, फोटोही घरीच छापायचे. बायको बुरुलचा लेकराचे लंगोट घेऊन न्हाणीघराच्या दाराशी ताटकळत उभी, आणि हा आत लाल दिव्याखाली कागद हलवत बसलेला. पुढे देश मोडला, बंदर बंद पडलं, क्रेन गंजली, आणि फोटोचा कागद दुकानातून असा गेला की जणू कधी नव्हताच. फोटो मोठे करायचं यंत्र पेटीत घालून त्याने पलंगाखाली सरकवलं. तिथे ते तीस वर्षं पडून राहिलं.

म्हातारपणी बुरुलचाच ती पेटी झाडूला लागली म्हणून चिडली. म्हणाली, एक तर फेक, नाही तर वापर, माझ्या कमरेला ही अडगळ आता झेपत नाही. आता म्हाताऱ्याला फेकवेना, म्हणून तो वापरायला लागला. बिश्केकहून फिल्म आणि पावडरी मागवल्या, न्हाणीघरातला साधा बल्ब काढून पुन्हा लाल बल्ब लावला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण डोळ्यांत असं पाणी चमकायचं की जणू नवी घोडी बांधलीय दारात. बुरुलचा शेजारणींना सांगायची, माझ्या नवऱ्याने या वयात दुसरी केली, आणि नांदवतोय कुठे तर माझ्याच न्हाणीघरात.

एवढं बोलायची, पण त्या कामातली एक गोष्ट तिच्याच हातची होती. फिल्मला दोन पाणी लागतात. पहिलं डेव्हलपर, त्याने चित्र उमटतं. मग हायपो, त्याने ते कायम होतं. उलट झालं, हायपो आधी पडला, की चित्र उमटायच्या आतच धुऊन जातं, मग देव आला तरी परत येत नाही. दोन्ही पाणी दिसायला सारखी, दोन्ही काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने असा एक रोल घालवला होता, तेव्हा बुरुलचा म्हणाली, "अंधारात रंग कुणाला दिसतो रे? गाठ मार. गाठ बोटांना दिसते." तिने आपल्या जुन्या रुमालाची पट्टी फाडली, डेव्हलपरच्या बरणीला बांधली आणि दोन गाठी मारल्या. हायपोची बरणी तशीच, उघडी. म्हाताऱ्याने मग जन्मात त्याचा विचार केला नाही. बायकोने केलेल्या सोयीचं असंच असतं. ती असते तोवर ती सोय आहे हेच कळत नाही.

त्या वसंतात त्याने तिचा एक फोटो काढला. ती अंगणातल्या तंदुरापाशी भाकरी थापत होती, हनुवटीला पीठ. तो नेम धरून उभा, आणि हात थरथरतोय. ती म्हणाली, "पूर्वी फोटो काढताना घोडा हलायचा, आता तूच हलतोस." आणि हसली. दात गेलेलं तोंड उघडून, पोट धरून हसली. नेमकं तेव्हाच त्याने बटण दाबलं. मग ती म्हणाली, हा चांगला आला तर माझ्या कबरीच्या दगडावर हाच लाव. तो पासपोर्टमधला लावलास तर बघ, उठून येईन.

पासपोर्टच्या फोटोत तिला डोक्यावरचा रुमाल काढायला लावला होता. परक्या पुरुषासमोर उघड्या डोक्याने बसलेली बाई जशी दिसेल तशी ती त्यात दिसते. तो पासपोर्टच तिने जन्मभर उशीच्या खोळीत लपवला.

मग तो साथीच्या आजाराचा उन्हाळा आला. घरातले सगळे तापले, म्हातारा वाचला, बुरुलचा गेली. आमच्यात बाई गेली की घरच्याच बायका तिला अंघोळ घालतात, ज्या घालतात त्यांना तिचे कपडे देतात. तेव्हा तसलं काही होऊ दिलं नाही. पांढरे पोशाख घातलेली परकी माणसं आली, त्यांनी तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि नेलं. कुणी तोंड पाहिलं नाही. तिचे कपडे कपाटातच राहिले, घ्यायला कुणाचा हक्कच नव्हता. म्हाताऱ्याचा ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. मटण असो की रॉकेल, त्याला सारखंच.

रोल कॅमेऱ्यात तसाच राहिला. त्याला हात लावायची हिंमत होईना.

तिला जाऊन वर्ष होत आलं, वर्षाचं जेवण जवळ आलं तसा मुलगा मिर्लान म्हणाला, दगड तयार आहे, दगडवाल्याने चेहऱ्यासाठी अंडाकार जागा घासून ठेवलीय, फोटो द्या. नाही तर पासपोर्टमधला देतो. म्हातारा म्हणाला, फोटो कॅमेऱ्यात आहे. मिर्लान म्हणाला, मग बिश्केकला पाठवू, तिथे दुकानात धुऊन देतात, तुमचे हात आता कापतात.

"एकदा परक्यांनी धुतलं तिला," म्हातारा म्हणाला. "आता मी धुणार."

 

सुनेने, नुर्झातने, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घरातल्या सगळ्या बरण्या घासून काढल्या होत्या. त्यात बुरुलचाची गाठींची पट्टीही गेली, मळकी चिंधी म्हणून. आता म्हाताऱ्याने नवीन पावडरी कालवल्या, तशी नुर्झात म्हणाली, बाबा, कुठली कुठली ते कळायला काही बांधू का? म्हातारा पाण्याचा गरमपणा बघण्यात गुंतलेला. म्हणाला, डेव्हलपरला लाल दोरा बांध, हायपोला पांढरा. पोरीने छान पिळाची लोकर घेऊन दोन सुरेख फुलं बांधली आणि बरण्या न्हाणीघरात नेऊन ठेवल्या.

त्या दिवशी स्वयंपाकघरात बायका वर्षाच्या जेवणाच्या तयारीला जमल्या होत्या. कढईत बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळत होत्या, आणि बुरुलचाची थोरली बहीण सोनुन आपा सगळ्यांना हुकूम सोडत होती. म्हातारा न्हाणीघरात शिरला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दिवा घालवला. काळ्याकुट्ट अंधारात त्याने फिल्म चाकावर गुंडाळली. बोटं आखडलेली, फिल्म दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. चाक टाकीत ठेवून त्याने झाकण घट्ट लावलं, आणि मग त्याला रडू आलं.

टाकी बंद झाली की उजेड चालतो, पाणी झाकणाच्या भोकातून ओततात. दार उघडून मोकळ्या प्रकाशात पुढचं काम करता आलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. पण बाहेर बायका होत्या, आणि डोळे ओले. त्याने दार उघडलं नाही. लाल दिवा लावला.

लाल दिव्यात लाल दोरा पांढराच दिसतो.

जन्म लाल दिव्याखाली काढलेला माणूस. लाल चिठ्ठी, लाल टोपी, लाल खूण, सगळं तिथे पांढरं होतं, हे त्याला विचाराल तर झोपेतही सांगेल. पण त्या दिवशी कुणी विचारलं नाही. समोर दोन पांढरी फुलं दिसली. डेव्हलपर नेहमी डाव्या हाताला असायचं, म्हणून त्याने डावी बरणी उचलली आणि ओतली. वास असता तर त्या आंबट हायपोने नाकच धरलं असतं. वास नव्हता. त्याने टाकी हलवली, मनात मोजलं, ओतून टाकलं, दुसरी ओतली. सगळं अगदी नीट केलं. तरुणपणीही इतकं नीट केलं नसेल.

पाण्याने धुऊन त्याने फिल्म बाहेर काढली आणि दार उघडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उजेडात धरली.

फिल्म काचेसारखी होती. पलीकडे अंगण दिसत होतं, तंदूर दिसत होता. बाकी काही नव्हतं.

 कढईतला आवाज तेवढा चालू राहिला. म्हाताऱ्याने नुर्झातला हाक मारली, दोन्ही बरण्या तिच्यापुढे धरल्या आणि विचारलं, आंबट वास कुठल्याला येतो? तिने वाकून हुंगलं आणि आधी ओतलेल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या बरणीकडे बोट केलं. तिचा चेहरा पडला. मिर्लानही तेवढ्यात आला, त्याने फिल्म पाहिली, दोरे पाहिले, आणि बायकोवर ओरडायला लागला, एक दोरा नीट बांधता येत नाही, आईचं शेवटचं तोंड होतं ते. पोर रडायला लागली. म्हणाली, मला सांगितलं तसंच बांधलं. पण स्वतःच्याच बोलण्यावर तिचा विश्वास बसेना. सोनुन आपाने बाह्या सरसावल्या, म्हणजे आता तीही बोलणार.

म्हाताऱ्याला गप्प राहता आलं असतं. सुनेच्या माथी गेलं तर घरात कुणाला नवल वाटत नाही.

"तिने बरोबर बांधलं," तो म्हणाला. "लाल दोरा मीच सांगितला. लाल दिव्यात लाल दिसत नाही. हे तुझ्या आईला कळत होतं, मला नाही."

मग तो फिल्म घेऊन आत गेला आणि तिला दोरीवर चिमटा लावला. रिकामी फिल्म वाळत घालायची गरज नसते. पण हाताला सवय असते, त्याला कोण सांगणार.

दगडावर पासपोर्टचा फोटो त्याने लावू दिला नाही. मिर्लान दोन दिवस भांडला. लोक म्हणतील पैसे नव्हते, लोक म्हणतील बायकोची किंमत नव्हती. म्हातारा एकच म्हणाला, ती नको म्हणाली होती. नाव आणि दोन सालं कोरली. अंडाकार जागा घासलेली तशीच राहिली.

जेवणाच्या दिवशी सगळे टेकडीवरच्या कबरीपाशी गेले. कुराण म्हणून झालं, माणसं खाली उतरू लागली, कारण घोड्याचं मटण निवत होतं. सोनुन आपा मागे राहिली. काठीवर हनुवटी टेकून त्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "बुरुलचाला राग आला असेल."

"आलाच असेल," म्हातारा म्हणाला. "गाठ मार म्हणाली होती."

वारा सुटला होता. आपाच्या रुमालाचं टोक सुटून फडफडत होतं, तिने ते पकडलं आणि हनुवटीखाली घट्ट बांधलं. मग दोघं हळूहळू उतरायला लागली, पाहुणे जेवायचे खोळंबले होते.