डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला एक वाईट सवय आहे, आणि ती लावण्यात माझा वाटा मोठा आहे. प्लांटवरून ऑपरेटरचा फोन येतो, "साहेब, टेम्परेचर गलत दाखवतंय." आम्ही टूलबॅग घेऊन जातो, दोन वायरी हलवतो, मीटरवर फडकं मारतो आणि सांगतो, "मीटर ओके आहे, तुमचा प्रोसेस बघा." रजिस्टरमध्ये लिहितो, 'चेक केले, ओके.' निम्म्या वेळा काहीही चेक केलेलं नसतं. तो बारावी शिकलेला, आम्ही इंजिनियर, त्यामुळे भांडण तिथेच मिटतं. सिल्वासात मी कित्येक वर्षं अशीच नोकरी केली आणि वर तिचा तोराही मिरवला.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी त्यांना धुळ्याहून किलवणी नाक्याजवळच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. डावा हात लुळा पडला होता. व्यायाम करून घ्यायला एक गुजराती फिजिओथेरपिस्ट बाई दिवसाआड यायच्या. "अंगूठो हलावता रहेजो, काका," एवढंच त्या आप्पांना सांगायच्या. मला मात्र जिन्यात थांबवून त्यांनी बजावलं होतं, की हात जो काही परत यायचा तो पहिल्या काही महिन्यांतच येतो, नंतर फार अवघड. आणि आप्पांना रबरी चेंडू दाबायची लाज वाटायची. "मी काय लेकरू आहे का," म्हणायचे आणि चेंडू उशीखाली सारायचे.

मार्ग काढला माझ्या मुलीनं. ती तेव्हा आठवीत होती. तिच्या मामानं स्वतः वापरून झालेला व्हिडिओ गेम तिला दिला होता, त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. आप्पांचं सगळं आयुष्य ट्रकवर गेलेलं. तिनं कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचा डावा अंगठा त्यावरच्या छोट्या दांडीवर टेकवला आणि म्हणाली, "आबा, हे तुमचं स्टिअरिंग. थोडंसंच हलवा, बस." पहिल्या दिवशी अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा हलला. टीव्हीवरचा ट्रकही तेवढाच वळला. आप्पा लहान मुलासारखे रडले. ते आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

पुढचे तीन आठवडे दुपारचं जेवण झालं की आप्पा ट्रक घेऊन निघायचे. वळणावर मानही वळवायचे. बाई अंगठा तपासून खूश झाल्या. मग एका रविवारी आप्पा मला म्हणाले, "भाऊ, ही गाडी डावीकडे ओढून राहिली."

मी प्लांटवर करतो तेच केलं. सेल बदलले, दांडीभोवती फडकं फिरवलं, गेम बंद करून चालू केला, आणि स्वतः दोन फेऱ्या मारल्या. ट्रक सरळ गेला. "नाचता येईना अंगण वाकडं, आप्पा," मी हसत म्हणालो. ते हसले नाहीत. "गाडी ओळखतो मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तीच तक्रार, तिसऱ्या दिवशीही तीच. मी कामावरून वैतागून आलो होतो. बूट काढता काढता म्हणालो, "गाडी नीट आहे, आप्पा. तुमचा अंगठाच डावीकडे जातोय. हात बरा झालेला नाही तुमचा, आता ते मान्य करा." आप्पांनी अंगठ्याकडे पाहिलं. गाडीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला उपकार करायची हौस. गेमच्या सेटिंगमध्ये डेड झोन असतो. तो वाढवला की दांडीची बारीक हालचाल गेम मोजतच नाही, दांडी जोरात ढकलावी लागते. म्हाताऱ्याच्या थरथरीचा त्रास नको म्हणून मी तो वाढवून ठेवला आणि कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दुपारी, मुलीनं नंतर सांगितलं, आप्पांनी चार-पाच वेळा प्रयत्न केला. ट्रक तसूभरही वळला नाही, थेट कठड्यावर गेला. त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "गेला हात." त्यानंतर चेंडूही नाही, व्यायामही नाही. बाई आल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी बाईंनी येणं बंद केलं. नातेवाइकांचे फोन आले की मी सांगायचो, "काय करणार, त्यांच्यात जिद्दच उरली नाही."

असे अडीच महिने गेले. परीक्षा संपल्यावर मुलीनं गेम पुन्हा लावला. ट्रक वळेना म्हणून तिनं सेटिंग उघडलं, कुरकुर करत डेड झोन होता तसा केला, आणि तेवढ्यात इस्त्रीवाला आला म्हणून कंट्रोलर सोफ्यावर टाकून दाराशी गेली. मी समोर चहा पीत बसलो होतो. कंट्रोलरला कुणाचाही हात नव्हता. टीव्हीवर उभ्या असलेल्या ट्रकची पुढची चाकं आपोआप डावीकडे वळली.

मी चहा ठेवला आणि कंट्रोलर उघडला. दांडीखालचा छोटा सेन्सर झिजला होता. असले सेन्सर मी प्लांटवर ढिगानं बदललेत. मी फेऱ्या मारल्या तेव्हाही ट्रक ओढतच असणार. माझा धडधाकट अंगठा नकळत उजवीकडे दाब देत होता, म्हणून मला कळलं नाही. मुलीला तर त्याची सवयच होती. आप्पांच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता, म्हणून खोट फक्त त्यांना कळली.

मी नवा कंट्रोलर आणला. सगळं खरं सांगितलं, डेड झोनसकट, आणि त्यांचा अंगठा दांडीवर ठेवला. अंगठा हलला नाही. त्यांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला, कपाळावर घाम आला. मग उजव्या हातानं डावा उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"तुम्हाला पक्कं माहीत होतं ना, आप्पा? मग भांडला का नाहीत माझ्याशी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जणू चूक त्यांचीच होती.

"दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर भांडलो असतो," आप्पा म्हणाले. "तू सांगितलं, म्हणून मानलं."